पळसखोपचं उष्टं तळं

ही गोष्ट मी सांगायची नव्हती. आमच्या पळसखोप गावात ती आयांनी लेकींना सांगायची असते, बाहेरच्यांना नाही. बाहेरच्यांसाठी देवळापाशी निळा फलक आहे, आणि फलकाशेजारी माझे बाबा उभे असतात. एका साधूने चिमटा आपटला आणि कड्याखाली तळं झालं, असं ते सांगतात. काल तुमच्यातल्या एका बाईंनी विचारलं, "मग याला उष्टं तळं का म्हणतात?" बाबा हसले. "काही नाही हो, बायकांच्या गप्पा!" मी मागे ताकाचे पेले घेऊन उभी होते. मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून लिहून देते आहे. यंदा देवीच्या पोथीचा पाठ म्हणायचा मान आमच्या घरी आहे. माझी धाकटी बहीण प्राजू पाठ म्हणणार आहे, त्यामुळे घरात गडबड आहे. पण पाठ अजून आठ दिवसांवर आहे, तेवढ्यात हे लिहून होईल.

तळं तुम्ही पाहिलंच. कड्याच्या पायथ्याशी नऊ पायऱ्या आणि काठावर निरगुडीचं एकच झुडूप. त्या झुडपाची डहाळी गावात कोणी मोडत नाही. बाळंतिणीच्या शेकाला पाला लागला तरी तो ओढ्याकडून आणतात. आणि ज्या पाण्याला सगळे उष्टं म्हणतात, त्याच पाण्याने आमच्या कडजाई देवीला अंघोळ घालतात. हे असं का, ते ऐका.

फार पूर्वी इथे तळं नव्हतं, असं सांगतात. नुसता खडक होता, आणि खडकावर कडजाईचा तांदळा, शेंदूर फासलेली शिळा. देवीची नऊ अध्यायांची पोथी होती, पण देवीपुढे ती उघडून वाचायची नाही, तोंडपाठ म्हणायची, असा दंडक. दर चैत्रात एका घराला मान मिळे. त्या घरातल्या सगळ्यांनी मिळून एक मूल तयार करायचं आणि त्या मुलाने गावासमोर उभं राहून नऊही अध्याय म्हणायचे. मूल अडलं, तर पालखीला पहिला खांदा देण्याचा मान त्या घरातून सात पिढ्या जायचा.

एका वर्षी हा मान केरबाच्या घरी आला. केरबाला एकच मूल, नऊ वर्षांची हौसा. तिची आई साळू.

पहिले चार अध्याय साळूनेच लेकीला शिकवले. शेणी थापताना एक ओळ आई म्हणे, पुढची लेक. भिंतीवर शेण्यांची रांग पुरी होईतो एक पान पाठ व्हायचं. साळूलाही ते तेव्हाच पाठ झालं. चुकलं तर दोघी हसायच्या आणि पानाच्या सुरुवातीला जाऊन परत म्हणायच्या. चार अध्याय झालेले बघून केरबाचे वडील धोंडजी म्हणाले, "झाला बायकांचा खेळ. आता आमी बघतो."

त्या दिवसापासून हौसाला ओसरीवर बसवलं. समोर आजोबा, उजवीकडे बाप, डावीकडे आजी. केरबाच्या हातात निरगुडीचा फोक, पाला काढलेली डहाळी.

पाचव्या अध्यायात झऱ्यांची नावं आहेत. देवी कडा उतरली, तिचा अंगठा जिथे जिथे टेकला तिथे तिथे झरा फुटला, असे बारा झरे, आणि बाराही नावं ओळीने घ्यायची. त्या वर्षी म्हणे बारातला एकही झरा वाहत नव्हता. बायका दोन कोसांवरून, नदीच्या पात्रात खड्डा करून, वाटी वाटीने हंडा भरत. हौसा नेमकी चौथ्या झऱ्यापाशी अडली.

अडली की तिघं एकदम बोलत. आजोबा पुढचं नाव सांगत, आजी त्याच्या पुढचं, बाप म्हणे, "सांगू नका, तिला येतंय, मुद्दाम करती." मग फोक. पोरगी मागे जाऊन सुरुवात करू बघे, तर केरबा ओरडे, "मागं न्हाई! हितनंच पुढं!" शाळेत ज्याने काही पाठ केलं आहे त्याला हे कळेल. अडलेल्याला मागून धावत यावं लागतं, तरच उडी बसते. ओसरीवरच्या तिघांना ते कळत नव्हतं. त्यांनी स्वतः कधी पाठ म्हटला नव्हता, नुसता ऐकला होता.

गावालाही चेष्टेला विषय मिळाला. पाणवठ्यावर बायजा नावाची एक म्हातारी साळूला म्हणाली, "काय गं, तुझी लेक चौथ्या झऱ्यात बुडाली म्हनं. आमाला तर तिथं घोटभर बी गावंना."

साळू हसली नाही. खड्ड्यात वाटी घालत म्हणाली, "बुडाली न्हाई बायजाकाकू. बुडवत्यात."

मग केरबाने नवी रीत काढली. पाठाला बसताना हौसापुढे पाण्याचा तांब्या ठेवायचा. ती अडली की तांब्यातलं पाणी माठात परत ओतायचं आणि रिकामा तांब्या तिच्यापुढे पालथा घालायचा. पाठ पुरा झाल्याशिवाय तो सरळ करायचा नाही. पोरगी बारा झऱ्यांची नावं घ्यायची आणि तिची जीभ टाळूला चिकटलेली असायची. साळू दोन कोसांवरून हंडा घेऊन यायची, तेव्हा ओसरीवर पालथा तांब्या दिसायचा. पहिल्या दिवशी तिने तो सरळ केला. धोंडजी म्हणाले, "सूनबाई, मान तुझ्या माहेरचा न्हाई, आमचा हाय." दुसऱ्या दिवशी तिने पदराआड वाटी नेली. सासूने ती पाहिली आणि काढून घेतली. "पोरीला लाडावून ठेवलंस, तिथंच घोडं अडलं," म्हणाली. तिसऱ्या दिवशी साळू तांब्याकडे न बघता हंडा घेऊन आत गेली. आमच्याकडे सांगतात की राग असा साठतो, खडकाखाली पाणी साठतं तसा. वरून काही दिसत नाही.

पाठाच्या आदल्या दिवशी हौसा बोलायचीच बंद झाली. पाठ तर नाहीच, पण "आई" सुद्धा म्हणेना. केरबा म्हणाला, "नाटकं करती. उद्या गाव बघून आपसूक बोलंल."

पाठाचा दिवस उजाडला. भर दुपारी सगळं गाव खडकावर जमलं. देवीच्या अंघोळीचं पाणी आणायला साळू पहाटेच गेली होती, ती अजून यायची होती. हौसाला तांदळ्यासमोर उभी केली. गावाला बघून तिच्या तोंडून शब्द फुटले, हे खरं. पहिला अध्याय झाला, दुसरा झाला, तिसरा, चौथा. आईने शिकवलेलं सगळं आलं. पाचव्यात चौथा झरा आला आणि पोरगी थांबली.

साळू तेवढ्यात चढण चढून वर आली. डोक्यावर भरला हंडा. तिने पाहिलं ते असं. आजोबा पुढचं नाव ओरडत आहेत, आजी हातवारे करते आहे, केरबा फोक घेऊन अर्धा उठला आहे, आणि आता गावही ओरडतं आहे. कोणी नाव सांगतंय, कोणी हसतंय, कोणी "गेला केरबाचा मान!" म्हणतंय. शंभर तोंडं उघडी आणि मधे एक पोर, दोन्ही हात कानांवर.

साळूने हंडा खाली ठेवला. ती केरबापाशी गेली आणि त्याच्या हातातून फोक काढून घेतला. तिने तो मोडला नाही. मोडला असता तर राग तिथेच संपला असता, असं माझी आई म्हणते.

"बसा खाली," ती म्हणाली.

"अगं, गाव बघतंय," केरबा म्हणाला.

"बघू द्या. तोंड उघडा."

तिने हंड्यातून वाटी भरली आणि त्याच्या तोंडाला लावली. "गिळायचं न्हाई आन थुकायचं न्हाई. कडजाईची आण हाय तुमाला. माझ्या लेकीचा पाठ पुरा होईतो ह्या तोंडातनं एक शबुद बाहेर पडता कामा नये."

मग ती सासऱ्यापुढे गेली. "मामंजी, तुमी बी." मग सासूपुढे. मग पंचांपुढे, मग हसणाऱ्यांपुढे, ओरडणाऱ्यांपुढे, एकेकाचं नाव घेऊन. देवीच्या अंघोळीचा हंडा तिने गावाच्या तोंडात रिकामा केला. बायजाकाकूने आपणहून तोंड पुढे केलं.

गावातले पुरुष सांगतात की तेव्हा साळूच्या अंगात देवी आली होती. बायका म्हणतात, अजिबात नाही. ती साळूच होती. देवी होती म्हटलं की सुनेचं ऐकल्याची लाज वाटत नाही, म्हणून तसं म्हणतात.

हंड्यात शेवटची एक वाटी उरली. ती तिने हौसाला पाजली. कपाळावर हात फिरवून म्हणाली, "कुटनं म्हणायचं तिथनं म्हण. मागनं ये. येळ हाय."

सगळं गाव तोंडात पाणी धरून बसलं. खडकावर उन्हाचा आवाज येईल इतकी शांतता झाली. हौसा पाचव्या अध्यायाच्या पहिल्या ओळीवर परत गेली आणि तिथून चालत आली. एक झरा, दुसरा झरा, तिसरा. चौथ्यापाशी ती थांबली. कोणी काही सांगितलं नाही. कोणाला सांगताच येत नव्हतं. ती थांबली, श्वास घेतला आणि चौथ्याचं नाव तिच्या तोंडी आलं. मग बारा झाले. मग सहावा अध्याय, सातवा, आठवा. ऊन कलायला लागलं. माणसांचे गाल दुखून आले, धोंडजींची मान लटलट हलायला लागली. केरबाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तोंडातलं सांडलं नाही. नववा अध्याय पुरा झाला.

माणसं पाणी गिळणार, तोच साळू म्हणाली, "गिळू नका. ते तुमचं न्हाई. माझ्या लेकीच्या पालथ्या तांब्यातलं हाय ते."

मग एकेकाने उठून, हौसा उभी होती त्या जागेवर आपल्या तोंडातलं पाणी रिकामं केलं. आधी पंच, मग धोंडजी, शेवटी केरबा. खडक ओला झाला आणि वाळेना. संध्याकाळपर्यंत तिथे घोट्याएवढं पाणी साठलं. पालखी परत यायच्या आत गुडघाभर. असा तो तेरावा झरा, पोथीत नसलेला. गावाने पुढे त्याला नऊ पायऱ्या बांधल्या.

केरबा बायकोपुढे हात जोडून उभा राहिला, म्हणे. "चुकलं माझं. आता राग सोड."

साळूने तळ्याच्या काठावर तो फोक खोचला. तीच ही निरगुडी. म्हणाली, "राग सोडला तर तुमी इसराल. हे पानी गावाला दिलेलं न्हाई, ठेवाय दिलंय. ज्या साली ह्या गावात पाठासाठी लेकरावर हात उठंल, त्या साली मी एकेक पायरी पानी माघारी नेईन."

ती त्याच घरात राहिली. केरबाला तिने शेवटपर्यंत जेवायला वाढलं. पाणी मात्र पुन्हा कधी दिलं नाही. तहान लागली की तो उठून तळ्यावर यायचा, वाकायचा आणि ओंजळीने प्यायचा. लोक बघायचे. तो म्हातारा झाला तरी येतच राहिला.

आजही पळसखोपात पाठ असाच होतो. मूल एकटं पाठ करत नाही, घरातल्या प्रत्येकाने पाठ करायचं, आणि मोठ्यांच्या चुका मुलाने काढायच्या. मूल अडलं की घरातल्यांनी तोंडात पाणी घ्यायचं. पाठाच्या दिवशी मान असलेल्या घराचे पुरुष भरलेल्या हंड्यातलं पाणी तोंडात धरून पायरीवर बसतात आणि नववा अध्याय झाला की ते तळ्यात सोडतात. मगच त्या तळ्याचा पहिला हंडा देवीच्या अंघोळीला जातो. आजही बारा झऱ्यांनंतर मुलं या तेराव्या झऱ्याचं नाव स्वतः जोडून म्हणतात. आजही चैत्रात म्हाताऱ्या बायका तळ्याकडे येतात, वरून उघड्या पायऱ्या मोजतात आणि घरी जातात.

एरवी चैत्रातसुद्धा दोनच पायऱ्या उघड्या असतात. काल तुम्ही तिसऱ्या पायरीवर बसून फोटो काढलेत. ती कोरडी होती, तुम्हाला त्यात काही वाटलं नाही. आज सकाळी मी मोजलं तर चौथीही उघडी पडली आहे. आणि निरगुडीची एक डहाळी कापलेली आहे. मोडलेली नाही, कोयत्याने कापलेली. जागा अजून ओली आहे. ती डहाळी कुठे आहे ते मला माहीत आहे. आमच्या घरात देव्हाऱ्यामागे उभी करून ठेवली आहे, पाला काढून. प्राजूच्या पोटऱ्यांवर वळ आहेत, ती ते परकराने झाकते. ओसरीवर आत्ता पाठ चालू होता, पण बराच वेळ तिचा आवाज आलेला नाही, नुसता बाबांचाच येतो आहे, आणि

आई हाक मारते आहे. "वैजू, हंडा घेऊन ये. भरलेला." भरलेला हंडा तर पाठाच्या दिवशी लागतो, अजून आठ दिवस आहेत. पण ती पुन्हा हाक मारते आहे, आणि तिचा आवाज असा मी कधी