चिखलाचे पाय

फार पूर्वी एका खाडीकाठी नावा-होड्यांची जत्रा भरली होती. बगळ्यांच्या आलिशान नावेचं लाकूड म्हाताऱ्या रेड्याने जंगलातून ओढून आणलेलं. ती नाव एकदा तरी आतून बघायची, एवढीच त्याची हौस. म्हणून त्याचा तरणा मुलगा, टोणगा, त्याला जत्रेला घेऊन आला.

चढायच्या फळीवर दोरी आडवी बांधली होती. बगळ्याने रेड्याचे खूर न्याहाळले. "बोलावणं आहे? नाही ना? मग लांबूनच बघा. चिखल लागेल."

"मोठी मंडळी. त्यांचं बरोबरच आहे," रेडा पुटपुटला.

"आबा, तुमच्यासारख्यांनी माना खाली घातल्या, म्हणून यांनी दोऱ्या बांधल्या," टोणगा फणकारला.

शेजारच्या साध्या नावेतून बदकीण म्हणाली, "काका, या की वर. फळ्या काय, धुतल्या की झालं." रेडा बिचकत चढला आणि प्रत्येक फळी हुंगत फिरला.

तेवढ्यात ओहोटी लागली. बगळ्यांची जड नाव बड्या गिऱ्हाइकांसकट गाळात रुतली.

"रेडेबुवा, जरा ढकलता का?" बगळ्याचा आवाज आता मधाळ झाला होता.

रेडा सवयीने निघाला. टोणगा आडवा आला. "बसा, आबा. चिखल लागेल त्यांच्या नावेला."

रेड्याने बगळ्याकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं आणि बदकिणीच्या नावेत तो ऐसपैस बसून रवंथ करू लागला.