आधीच दिलेली बक्षिसी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नाव आता त्याच्या पणतवंडांनाही सांगता यायचं नाही. त्या राज्याच्या किनाऱ्यावरून दर वर्षी, पावसाळा सरला की, एक मोठं गलबत हौशी माणसांना घेऊन बेटांच्या सफरीला निघायचं. खायचं, प्यायचं, पाणी बघत बसायचं आणि परत यायचं, एवढंच काम. काय सुखाचे दिवस होते ते!

त्या सफरीची एक रीत होती. परतताना खाडीच्या तोंडाशी वल्हेकरी गाणं धरायचे. एक जण ओळ म्हणायचा आणि बाकीचे वल्ह्यांच्या तालावर ती उचलायचे. मग धक्क्यावर उतरताना प्रत्येक प्रवासी कापडाने झाकलेल्या हंड्यात हात घालून बक्षिसी टाकायचा. कुणी किती टाकली, ते कुणाला कळायचं नाही. वल्हेकरी, आचारी, तळातलं पाणी उपसणारा, सगळे ती सारखी वाटून घ्यायचे.

एका वर्षी एक म्हातारा व्यापारी बायकोला घेऊन गलबतावर चढला. लग्न झालं त्या साली दोघांनी हीच सफर केली होती. तेव्हा पदरी काही नव्हतं, पण दोघं हसून हसून बेजार झाली होती. आता घरात लक्ष्मी पाणी भरत होती. बायकोची नजर मात्र गेली होती आणि वैद्यांनी हात टेकले होते.

"अहो, बेटं तुम्ही बघा," ती म्हणाली. "मला फक्त ते गाणं ऐकायचंय. पुन्हा एकदाच."

व्यापाऱ्याला वाटलं, गाण्यात काही कमी पडलं तर? जन्मभर आगाऊ विसार देऊन माल पक्का करणारा माणूस तो. त्याला दुसरं सुचणार तरी काय? शेवटच्या दुपारी त्याने गाण्याची ओळ म्हणणाऱ्याला सगळ्यांदेखत बोलावलं आणि त्याच्या हातावर सोन्याची मोहोर ठेवली.

"आज असं गा, की हिला आमच्या लग्नाचं साल आठवलं पाहिजे."

गाणारा नको नको म्हणाला आणि मोहोर त्याने कनवटीला लावली.

गलबताचा म्होरक्या तांडेल जवळ येऊन हळूच म्हणाला, "शेट, बक्षिसी उतरताना द्यायची असते. तीही हंड्यात."

"हंड्यातही टाकीन की! जास्तीचं दिलं म्हणून कुणाचं काय बिघडलं?"

काय बिघडलं, ते खाडीच्या तोंडाशी कळलं. गाणाऱ्याने ओळ म्हटली, अगदी सुरेल म्हटली. पण ती कुणी उचलली नाही.

"ज्याला मोहोर मिळाली, त्यानेच गावं," एक जण पुटपुटला. सगळ्यांची वल्ही चालत होती, ओठ मात्र मिटलेले होते. गाणाऱ्याने पुन्हा ओळ घेतली, पण त्याचा आवाज फाटला आणि तो खाली मान घालून गप्प झाला.

म्हातारी कान देऊन बसली होती. "अहो, गाणं कधी धरणार हे लोक?"

वल्हेकऱ्यांनी तिचं बोलणं ऐकलं आणि ते मनातून चरकले. पण गलबत धक्क्याला लागलं होतं, वल्ही उचलली गेली होती. ताल संपल्यावर गाणं कसं धरणार?

पुढच्या वर्षी व्यापारी एकटाच आला. या वेळी त्याने आधी कुणाला काही दिलं नाही, कुणाला काही सांगितलं नाही. खाडीच्या तोंडाशी एकाने ओळ म्हटली आणि सगळ्यांनी ती उचलली. गाणं तसंच होतं, लग्नाच्या सालचं, एका शब्दाचाही फरक नव्हता. सगळे प्रवासी टाळ्यांचा ताल धरून डोलत होते. व्यापारी मात्र शेजारच्या रिकाम्या जागेवर हात ठेवून रडत होता.

लहानथोरांनो, एवढं ध्यानात असू द्या: सगळ्यांच्या मेळातून मिळणारं सुख एकाच्याच हातावर पैसे ठेवून पक्कं करता येत नाही.