पलीकडच्या काठचे मीठ

पूर्वी शांबरी नदीच्या दोन काठांवर दोन राजे राज्य करीत असताना बोधिसत्त्व अलीकडच्या काठी एका कोष्ट्याच्या घरी जन्मले. त्यांचे नाव मेघदत्त.

तक्षशिलेहून विद्या शिकून सात वर्षांनी परतताना त्यांना वाटत होते, भांडवलावाचून गाव कंगाल झाले असेल. पाहतात तो दूरच्या बंदरातल्या भद्रसार श्रेष्ठींचे सोने दोन्ही काठांवर पोचलेले. दोन्हीकडून बंदराला रुंद रस्ते गेले होते. गावची होडी मात्र काठावर पालथी होती आणि तिच्यावर आत्याचे सांडगे वाळत होते.

आत्याने ताक दिले. "मीठ जपून घाल रे, बंदरावरून येतं."

"आत्या, मिठाचे ढीग समोर दिसताहेत की!"

"पिकतं समोर, जातं बंदरावर, मग येतं आपल्याकडे. आपलं कापडही पलीकडचे तसंच नेसतात. बारा दिवस फिरून आलं की त्याला तेज चढत असेल!"

दोघेही पोट धरून हसले.

संध्याकाळी गावात मुक्कामाला असलेले भद्रसार आले. "मेघदत्ता, बंदराकडे आणखी एक रस्ता बांधू. देखरेख तुझी, नफ्याचा दहावा हिस्साही तुझा. सकाळी सांग. नाही म्हणालास, तर सोने दुसऱ्या गावी जाईल."

बोधिसत्त्वांच्या घराचे छप्पर गळत होते. त्या हिश्श्यात जन्माची ददात मिटली असती.

सकाळी त्यांनी सांडगे उचलले, होडी सरळ केली आणि कापडाचे चार गठ्ठे, आत्या व भद्रसार यांना घेऊन नदीत घातली. होडी गळत होती. आत्या मडक्याने पाणी उपसत म्हणाली, "श्रेष्ठी, बसून काय राहिलात? उपसा!" श्रेष्ठी मुकाट्याने उपसू लागले.

पलीकडे मिठागरातल्या बाया धावत आल्या. "अगं बाई, होडी आली!" घटकाभरात गठ्ठे संपले, होडी मिठाने भरली.

तेव्हा बोधिसत्त्व म्हणाले, "श्रेष्ठी, रस्ता नको आणि मला हिस्साही नको. आपले सोने हवे, पण या नदीवर. दोन्ही काठांना घाट बांधा, नव्या होड्या करा. शेजारी एकमेकांच्या मालावर सुखी झाले, की आपल्या बंदरालाही जास्त माल मिळेल."

भद्रसारांनी आपल्या भिजलेल्या धोतराकडे पाहिले आणि ते मोठ्याने हसले. "पहिली होडी न गळणारी करू!"

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "तेव्हाचे भद्रसार म्हणजे आज विहाराला पाट काढून देणारा गृहपती. ती आत्या म्हणजे समोर हसत बसलेली वृद्ध भिक्षुणी. मेघदत्त तर मीच होतो." बोधिसत्त्वांनी असा प्रज्ञेचा गुण पूर्णत्वाला नेला.