कालवांच्या वरचा खळगा

पूर्वी शूर्पारकात सागरदत्त राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या खाडीत, तिवरांच्या झाडीत, बोटभर मासा होऊन जन्मले होते. भरती चढू लागली की ते परिवाराला घेऊन मुळांमध्ये चरायला शिरत. पाणी क्षणभर स्तब्ध झाले की तोंडातला घास तोंडात ठेवून सगळे माघारी फिरत.

पोटाळ्या नावाच्या माशाला हे मान्य नव्हते. त्याची भूक तेव्हा कुठे जागी होत असे.

पौर्णिमेनंतरच्या सर्वांत मोठ्या उधाणाला पाणी वरच्या खळग्यात शिरले. शेवाळ लुसलुशीत, अळ्या तर मावत नव्हत्या. पाणी थांबले. बोधिसत्त्वांनी हाक दिली.

"तुम्ही व्हा पुढे, दादा. मी पुढच्या पाण्याबरोबर येतो."

"अरे, मुळांना चिकटलेली ही शिंपल्यांतली कालवं बघ, किती खाली संपली. रोजचं पाणी तेवढंच चढतं. इथं फक्त उधाण येतं, ते आता अमावास्येला."

"कालवं जन्मात जागची हलली नाहीत, त्यांना काय कळतंय!"

परिवार परतला. बोधिसत्त्वांनाही वाट मोकळी होती; पण हा एकटा दोन दिवसांत सगळे संपवून उपाशी मरेल, हे ओळखून ते थांबले.

पुढचे पाणी आले. खळखळ ऐकून पोटाळ्याने शेपटी सावरली. पाणी वीतभर खालीच थांबले आणि परतले. त्यानंतरचे आणखी खाली. पोटाळ्याच्या पोटात पहिल्यांदाच भुकेऐवजी भीती शिरली.

"दादा, आता?"

"खाली भरतीची खळखळ ऐकू आली की एक घास. एरवी सावलीत पडून राहायचं."

"एकच?"

"एकच. पण चावून खा, जास्त वेळ पुरेल."

दिवस गेले. खळगा आटला, दोघांच्या पाठी उघड्या पडू लागल्या. शेवटी एकच अळी उरली. बोधिसत्त्वांनी ती पोटाळ्यापुढे ढकलली. पोटाळ्याने तिच्याकडे बराच वेळ पाहिले आणि परत ढकलली. बोधिसत्त्वांनी पुन्हा ढकलली. अशी ती इकडून तिकडे होत असतानाच अमावास्येचे उधाण आत आले आणि अळी वाहून गेली. दोघांनाही हसू आवरेना.

पाणी थांबण्याआधीच पोटाळ्या ओरडला, "चला, दादा! घास तोंडातच राहू द्या!"

"तोंडात आहे कुठे?" बोधिसत्त्व म्हणाले.

एवढी कथा सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, जेतवनातल्या भिक्षूंकडे पाहिले. "भिक्षूने जेवण आटोपायची माध्यान्ह टळत आली तरी ज्याला पात्र सोडवत नाही, तो आपला भद्दक त्या जन्मी पोटाळ्या होता. परिवार म्हणजे तुम्ही सगळे. त्याच्यासाठी मागे राहिलेला मासा मी होतो."

भद्दकाने पात्र हळूच खाली ठेवले. शास्ते हसून म्हणाले, "आणि जिच्यामुळे मी थांबलो, ती मैत्री."