मास्तरांचा होकार

“...पण मग नक्की काय लिहू, मास्तर? कवी, कादंबरीकार की वादक?”

थिओफिल मास्तर व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून समोरच्या समुद्राकडे पाहत होते. लेनॉक्सने हा प्रश्न सकाळपासून इतक्यांदा विचारला होता की एव्हाना समुद्रालाही तो पाठ झाला असावा.

“मास्तर, पुस्तकाचं पहिलं वाक्य आहे ते. वाचकाला आधी कळायला हवं की हा माणूस कोण आहे.”

“मलाही कळलं तर बरं होईल,” मास्तर म्हणाले.

लेनॉक्सने सुस्कारा टाकला.

मास्तरांचा जन्म याच गावचा, कॅरिबियन समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटावरचा. बाप कोळी. तरुणपणी ते बोटीने लंडनला गेले. दिवसा टपालाची पोती उचलली, रात्री क्लबांतून गिटार वाजवली आणि उरलेल्या वेळात कविता लिहिल्या. पुढे कादंबऱ्याही लिहिल्या. कवी म्हणायचे, हा वाजवणारा. वाजवणारे म्हणायचे, हा पुस्तकं लिहिणारा. कादंबरीकार काहीच म्हणायचे नाहीत, कारण मास्तरांच्या कादंबऱ्या त्यांच्यापेक्षा जास्त खपायच्या. म्हातारपणी सगळं आवरून मास्तर गावी परतले आणि बहिणीपाशी, फिलोमिनाबाईंकडे, राहू लागले.

लेनॉक्सही इथलाच. अगदी लहानपणी आईबरोबर लंडनला गेला, तिथेच शिकला आणि कॉलेजात शिकवायला लागला. मास्तरांच्या कविता वाचून तो लिहायला शिकला, म्हणून स्वतःला त्यांचा शिष्य म्हणवायचा. मास्तरांना कुणी याबद्दल विचारलं नव्हतं.

आता त्याला मास्तरांचं चरित्र लिहायचं होतं. प्रकाशकाची अट एकच होती, मास्तरांनी स्वतःच्या तोंडाने होकार द्यायला हवा. आधी आलेल्या दोघांना मास्तरांनी मासे खाऊ घालून परत पाठवलं होतं. आपलं तसं होणार नाही, याची लेनॉक्सला इतकी खात्री होती की तो नोकरीचा राजीनामा देऊनच आला होता. उद्याचं विमान होतं. होकार नाही मिळाला तर पुस्तकही नाही आणि नोकरीही नाही.

मास्तर त्याच्याकडे वळले.

“क्रिक?”

लेनॉक्सने कपाळाला हात लावला. झालं, पुन्हा सुरू झालं.

त्या बेटांवरची ही जुनी रीत आहे. गोष्ट सांगणारा आधी ‘क्रिक?’ म्हणतो, म्हणजे ‘सांगू का?’ ऐकणाऱ्यांनी ‘क्रॅक!’ म्हणायचं, म्हणजे ‘सांग’. मग गोष्ट सुरू होते. आपण गोष्ट ऐकताना हुंकार देतो ना, तसंच. फक्त तिथे पहिला हुंकार आल्याशिवाय सांगणारा तोंडच उघडत नाही, मग समोर गव्हर्नर का बसलेला असेना.

लेनॉक्सला हे माहीत नव्हतं असं नाही. या रीतीवर त्याने एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं.

“ते घेतलंय मी, मास्तर,” तो म्हणाला. “पहिल्या दिवशीच टेप केलंय तुमच्या आवाजात. फार सुंदर आलंय.”

मास्तर वाट पाहत राहिले...

लेनॉक्स तोंडात मिठाची गुळणी धरून बसला.

“क्रॅक!” शेवटी पायरीवरून फिलोमिनाबाई ओरडल्या. त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या आणि या दोघांना पुरत्या वैतागल्या होत्या. “सांग बाबा एकदाचं. मला रस्सा टाकायचाय.”

मग मास्तर बहिणीकडे वळून सांगू लागले. बापाने गिटार होडीत घेऊन यायला बंदी केली होती, ती गोष्ट. वाऱ्याचं वर्णन आलं तेव्हा वाक्यांना यमक जुळत गेलं. बापाची आणि त्यांची जुंपली तेव्हा ते दोन्ही आवाजांत भांडले. जाळं ओढायची वेळ आली तेव्हा खुर्चीच्या हातावर ठेका धरून कोळ्यांचं गाणं म्हणाले, आणि गाण्यातूनच पुन्हा बोलण्यावर आले. मधे एकदा त्यांनी ‘क्रिक?’ विचारलं, तेव्हा फिलोमिनाबाईंना हसू आवरत नसल्याने ‘क्रॅक’ कसंबसं निघालं. शेंगांची टोपली मांडीवरून घरंगळली.

लेनॉक्सने टेप केव्हाच बंद केली होती. ती वाया घालवण्यात काय अर्थ होता?

“छान,” गोष्ट संपल्यावर तो म्हणाला. “पण ही बाईंसाठी झाली. माझ्या प्रश्नाचं काय? कवी, कादंबरीकार की...”

फिलोमिनाबाईंनी डोळे मिटून घेतले.

“देवा, याला आधी जेवायला तरी घालते,” त्या पुटपुटल्या आणि टोपली उचलून आत गेल्या.

आता मात्र लेनॉक्सचा तोल गेला. आल्या दिवसापासून दाबून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं. आपण मास्तरांची ओळन् ओळ वाचली आहे, नोकरीवर पाणी सोडलं आहे. कोणती कविता कोणत्या खोलीत लिहिली, कोणत्या क्लबात कोणत्या रात्री तार तुटली, हे मास्तरांपेक्षा आपल्याला जास्त ठाऊक आहे.

“मग बस झालं की,” मास्तर म्हणाले. “लिही.”

“तुमच्या होकाराशिवाय कसा लिहू? एक शब्द हवाय मला. एकच शब्द, मास्तर. त्या शब्दावर माझं सगळं अडलंय, हे दिसत नाही तुम्हाला? इतका कंजूषपणा कशासाठी?”

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरही वैताग होता. चांगला दांडगा, म्हाताऱ्या माणसाचा वैताग.

ते वाकले. दोघांच्या मधल्या तिपाईवरचं टेपचं यंत्र उचलून त्यांनी जमिनीवर ठेवलं आणि तिपाई पायाने बाजूला सारली. मग खुर्ची फरफटत पुढे ओढली. दोघांचे गुडघे एकमेकांना टेकले.

“क्रिक?”

खाली किनाऱ्यावर कुणीतरी होडी ओढत होतं, तिचा वाळूवरचा आवाज ऐकू येत होता. मास्तर वाट पाहत होते...

लेनॉक्सचे डोळे भरून आले. रागाने की कशाने, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

“मास्तर, आता खेळ पुरे,” तो म्हणाला. “मी तुमच्या पाया पडतो. मी तुमच्याकडे परवानगी मागतोय.”

मास्तर खुर्चीत मागे टेकले.

“अरे, मग तू आल्यापासून मी तुझ्याकडे काय मागतोय?”