वाऱ्याचा वाफा

एका राज्यात राजा पद्मसेन राज्य करी, पण चहूकडे बोलबाला होता तो त्याच्या माळिणीचा. भिवरा तिचं नाव. हाताला असा गुण की वाळकी काठी खोचली तरी तिला पालवी फुटे. चैत्र लागला की राजवाड्यामागच्या तिच्या बागेत मोगरा, बकुळ, मधुमालती अशी फुलत की आलेले पाहुणे जेवायचं विसरत. कोणी विचारलं, "हे कोणी लावलं?" की भिवरा कमरेवर हात ठेवून म्हणे, "मी." मोगऱ्याला मी, आंब्याला मी. कोणी पलीकडच्या डोंगराकडे बोट दाखवलं असतं, तरी तिच्या तोंडून तेच आलं असतं. गर्व होता खरा, पण कष्टाचा होता. आपण तिला फार नावं ठेवू नयेत.

त्या राज्यातला वसंत मोठा लहरी. सकाळी अंगावर घोंगडी, दुपारी डोक्यावर ओला पंचा, संध्याकाळी जवळ एखादं छप्पर, अशा तयारीनंच माळी बागेत उतरत. पण त्या लहरीलाही लगाम होता आणि तो एका जुन्या चालीचा होता. प्रत्येक बागेत एक वाफा वाऱ्यासाठी सोडायचा. त्यात कुदळ घालायची नाही, बी टाकायचं नाही, पाणी सोडायचं नाही. वारा आणील ते तिथं वाढेल. शिशिर आटोपून ग्रीष्माकडे निघालेली वावधानी, म्हणजे वाऱ्यांची जोगीण, पाडव्याला राज्यात येई. वाफ्यात जे उगवलं असेल त्याच्या सावलीत घटकाभर टेके आणि उठताना वसंताला दटावून जाई, "फार मस्ती करू नकोस."

भिवराच्या बागेतल्या त्या वाफ्यात एरंड उगवला होता. चांगला पुरुषभर उंच, सुपाएवढ्या पानांचा. पाडव्याच्या आधी शेजारच्या राज्याचा राजा पाहुणा आला. बाग पाहता पाहता तो एरंडापाशी थबकला.

"पद्मसेन महाराज," तो मिशीला पीळ देत म्हणाला, "ओसाड गावी एरंड बळी, हे ऐकून होतो. भरल्या बागेतही तो बळी असतो, हे आज पाहिलं."

सगळे हसले. राजाही हसला. भिवराला मात्र ते हसू मिरचीसारखं झोंबलं. पाहुण्याची पाठ वळताच तिनं खुरपं घेतलं, एरंड मुळासकट उपटला आणि त्या जागी दूरदेशीचे गुलाब ओळीनं लावले.

जवळ राजकन्या इंदुलेखा उभी होती. तिची आई ती रांगत असतानाच गेली. तेव्हापासून ती भिवराच्या कडेवर आणि बागेतल्या मातीत वाढली होती. ती म्हणाली, "भिवरामाय, हा वाफा वाऱ्याचा ना?"

"वाऱ्याला जागेचा काय तोटा, बाळ? अख्खं आभाळ पडलंय."

पाडवा उजाडला. दारोदारी गुढ्या उभ्या राहिल्या आणि वावधानी आली. पायांत धूळ, केसांत पाचोळा, डोळे थकलेले. वाफ्यापाशी येऊन पाहते तो गुडघाभर गुलाब आणि वीतभर सावली.

"माझी सावली कोणी काढली?"

"मी," भिवरा म्हणाली. सवयच ती.

"तुला जपण्याचा फार अभिमान," जोगीण म्हणाली. "तर तुझं सर्वांत जपलेलं जे आहे, ते मी उघड्यावर टांगते. माझी सावली मला मिळेल, तेव्हाच ते तुला मिळेल."

तिनं टाळी वाजवली. इंदुलेखा होती तिथं कोणी नव्हतं. वाफ्यावर वाकलेल्या सोनचाफ्याच्या फांदीला एक कोवळी कळी लोंबत होती आणि तिच्या देठात राजकन्येच्या पैंजणातलं एक घुंगरू अडकलं होतं. जोगीण गेली आणि वसंताचा लगाम सुटला. पहाटे हाडं गोठवणारा गारठा, दुपारी भाजून काढणाऱ्या झळा, संध्याकाळी ढगांचा गडगडाट.

भिवरानं कपाळ बडवून घेतलं. राजा धावत आला, पण तोही काय करणार? तेवढ्यात चाफ्याच्या शेंड्यावरून एक तांबट पक्षी बोलला. हे पक्षी दिवसभर टुकटुक करतात, ते बहुधा माणसांना बजावतच असतात.

"माळिणी, उपाय आहे."

"सांग! सात डोंगर चढू? नागाच्या फण्यावरचा मणी आणू? ही निघाले."

"निघू नकोस. बस."

"बसू?"

"बस. जोगीण तीन दिवस वेशीबाहेरच्या टेकडीवर आहे. नंतर गेली की वर्षभर येत नाही, आणि कळी काही वर्षभर टिकत नाही. म्हणून नीट ऐक. पहिल्या दिवशी तुझ्या हातचं जे वाफ्यात आहे ते काढ, आणि नवं काही लावू नकोस. दुसऱ्या दिवशी पाणी घालू नकोस. तिसऱ्या दिवशी आडोसा धरू नकोस, वाफ्यावर नाही आणि कळीवरही नाही. तुझा हात लागला की सावली वाऱ्याची राहत नाही. आणि कळी गळाली, तर लेक गेली."

डोंगर चढणं परवडलं असतं. भिवराला जन्मात एक गोष्ट आली नव्हती, ती म्हणजे हात बांधून बसणं.

पहिल्या दिवशी तिनं गुलाब काढून गावात वाटले. वाफा उघडा पडला. घरी पेटाऱ्यात सातशे जातींचं बियाणं आणि समोर मोकळी माती, तिची बोटं नुसती वळवळत होती. गारठ्यानं कळीचं टोक काळवंडलं. दिवस कलताना वाऱ्याचा एक झोत कुठूनसं एक काटेरी बोंड गडगडत घेऊन आला. ते वाफ्यात थांबलं, उकललं आणि त्यातून एक ठिपकेदार बी मातीत पडलं. भिवरानं ते ओळखलं. एरंडी! ज्याला उपटून फेकलं, तोच पुन्हा दारात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पानं वर आली. जादूच्या राज्यातला एरंड तो, दुपारपर्यंत कमरेला लागला. मग झळा सुरू झाल्या. पानं माना टाकू लागली, वर कळी सुकू लागली. भिवराच्या हाताशी भरलेली घागर होती. तिनं ती उचलली, पुन्हा ठेवली, पुन्हा उचलली आणि शेवटी सगळं पाणी स्वतःच्याच डोक्यावर ओतून मटकन खाली बसली. पाणी अंगणात वाहून गेलं, वाफ्याकडे थेंबही गेला नाही. एरंडानं मात्र मुळं खोल घातली. तिन्हीसांजेला पानं पुन्हा ताठ झाली, तेव्हा ती त्याला म्हणाली, "तुला माझी गरज नव्हती तर." वाईट वाटलं तिला. थोडं हायसंही वाटलं.

तिसऱ्या दिवशी एरंड चाफ्याच्या फांदीला भिडला. चौथ्या प्रहरी आभाळ काळं झालं आणि लिंबाएवढ्या गारा कोसळू लागल्या. घुंगरू वेड्यासारखं वाजू लागलं. राजा ढाल घेऊन धावला.

"बाजूला हो, भिवरा! माझी मुलगी आहे ती!"

भिवरानं राजाचे पाय धरले. "महाराज, माझीही आहे. म्हणूनच सांगते, ढाल खाली ठेवा."

"आणि कळी तुटली तर?"

"तर मला सुळावर द्या. पण आज हात आवरा."

राजाच्या हातून ढाल गळाली. दोघंही चिखलात उभी राहिली, उघड्या डोक्यावर गारा झेलत. मोगरा झोडपला गेला. चाफ्याची उमललेली फुलं एकूण एक खाली आली. मग वाऱ्यानं एरंड वाकवला आणि त्याची रुंद पानं कळीवर येऊन एकावर एक बसली. गारा पानांवर आदळत होत्या. पानं फाटत होती, चिंध्या होत होत्या, पण हटत नव्हती. घुंगराचा आवाज मंदावला. मग थांबला.

गारा ओसरल्या. कळी देठाला होती. होती, पण मिटलेलीच.

वावधानी फाटक ढकलून आत आली. तिनं फाटक्या पानांचा एरंड खालपासून वरपर्यंत पाहिला. "हा कोणी लावला?"

राजा घाईनं म्हणाला, "आमच्या या भिवरा..."

"कोणी नाही, बाई," भिवरा मध्येच म्हणाली. "आला आपला. मी नुसती बसून होते."

आयुष्यात पहिल्यांदा तिनं असं उत्तर दिलं. जोगीण पुढे झाली. ती एरंडाखाली टेकली, पाय पसरले आणि एक लांब सुस्कारा सोडला. तो सुस्कारा साऱ्या राज्यावरून मंद झुळूक होऊन गेला. ढग पांगले, कोवळं ऊन पडलं, ओल्या मातीचा वास सुटला. फांदीवर कळी उमलली आणि चाफ्याच्या दरवळातून इंदुलेखा खाली उतरली, केसांत गारांचे दोन खडे घेऊन.

"भिवरामाय," ती म्हणाली, "किती वेळ लावलास! मला भूक लागली आहे."

भिवरानं तिला छातीशी धरलं आणि ती इतकी रडली, इतकी रडली की राजानं तोंड फिरवून स्वतःचे डोळे पुसले. जोगीण घटकाभर विसावली. उठताना वसंताला दटावून गेली.

वसंत तिथं अजून लहरीच आहे. घोंगडी, पंचा आणि छप्पर घेऊनच माळी बागेत उतरतात. पण तो मर्यादेत असतो आणि बागा वेळेवर फुलतात. पाहुणे मोगऱ्याकडे बोट दाखवून विचारतात, "हा कोणी लावला?" भिवरा म्हणते, "मी." मग ते एरंडाकडे पाहून हसतात. तेव्हा ती त्यांना त्याच्या सावलीत बसवते, थंड पाणी देते आणि सांगते, "हा आला आपला." तिचा वाफा वाऱ्यानं भरला, तसा ऐकणाऱ्यांचाही भरो.