चाळीस सेकंदांचा विजेता

अकोल्यात जिल्हा अजिंक्यपदाच्या बॉक्सिंग लढतीत विक्रांतने चाळीस सेकंदांत समोरच्याला आडवं केलं. समोर होता तीनच महिन्यांपूर्वी पहिल्यांदा ग्लोव्हज घातलेला बेकरीवाला. चहाच्या टपरीवर वाद रंगला, की आता हा पोरगा राज्य जिंकणार की देश?

तेवढ्यात विक्रांतचे काका प्रतापराव आले. संघटनेचे अध्यक्ष तेच, आणि कोणाशी कोण लढणार हे ठरवणारेही तेच. त्यांनी टपरीवरच बसलेल्या म्हाताऱ्या प्रशिक्षकांना गाठलं.

"उस्मानचाचा, तुम्हीच सांगा, पोरगा कुठवर जाईल?"

चाचांचा सरावाचा हॉल अध्यक्षांच्याच मर्जीवर चालत होता. पण खोटं बोलायला जीभ रेटेना.

"साहेब, ऑलिम्पिकसुद्धा मारेल. फक्त तिथंही जोड्या तुम्हीच लावायच्या."

प्रतापराव हळहळले, "ते कसं जमणार हो? तिथं आपलं कोण ऐकतं!"

अख्ख्या टपरीला चहाचा ठसका लागला.